फर्नांडिस म्हणजे कुणाचे?



रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात दोन अनोळखी फर्नांडिस भेटले की बोलणे कसे पुढे सरकते, ते तुम्ही अनेकदा ऐकले असेल. "तुम्ही फर्नांडिस का? कुठले?" "बेळगावचेच." "ते झालं हो, पण मूळचे?" "गोव्याचे." "गोव्यात कुठं? कोणतं गाव? कोणता वाडा?" पहिले दोन प्रश्न ओळख वाढवण्यासाठी असतात. वाड्याचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणासाठी विचारला जातो. साडेचारशे वर्षांपूर्वी तुमचे पूर्वज कोणत्या जातीचे होते, हे त्यातून काढून घ्यायचे असते. नुसत्या आडनावावरून ते कळत नाही, म्हणून वाड्याची वाट धरावी लागते.

आज मला या आडनावाविषयी थोडे लिहायचे आहे. आपल्या भागात, गोव्यात, मंगळूरकडे आणि मुंबईत हे आडनाव इतके सर्रास आढळते की त्याचा अर्थ काय, असे कुणी विचारतच नाही. तो अर्थ समजून घेतला तर वाड्याचा प्रश्न आपोआप मागे पडेल, असे मला वाटते.

फर्नांडिस म्हणजे 'फर्नांदोचा'. जुन्या पोर्तुगालमध्ये बापाच्या नावाला एक प्रत्यय लावून मुलाची ओळख सांगत. फर्नांदोचा मुलगा फर्नांडिस, रॉड्रिगोचा रॉड्रिग्ज, गोन्सालोचा गोन्साल्विस, आल्वारोचा आल्वारिस, नुनोचा नुनिस. आपल्याकडे हे काम मधले नाव करते. आणि आपल्या मधल्या नावासारखेच हे नावही सुरुवातीला प्रत्येक पिढीत बदलत असे. फर्नांदोचा मुलगा रॉड्रिगो फर्नांडिस झाला, तरी त्या रॉड्रिगोचा मुलगा आल्वारो हा आल्वारो रॉड्रिग्ज व्हायचा. पुढे मध्ययुग सरता सरता ही नावे घराण्याला चिकटून राहिली आणि त्यांची आडनावे बनली.

ही पद्धत बायबल वाचणाऱ्यांना नवी नाही. प्रभू येशू पेत्राला शिमोन बार्योना म्हणतो, म्हणजे योनाचा मुलगा शिमोन. बारा शिष्यांतला बर्थलमय म्हणजे तलमयाचा मुलगा. यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्याचे स्वतःचे नाव तर आपल्याला ठाऊकच नाही. मार्क त्याला बार्तीमय म्हणतो, म्हणजे तीमयाचा मुलगा. फर्नांडिस हे आडनाव याच घडणीचे आहे. त्यात जमिनीचा उल्लेख नाही, धंद्याचा नाही, जातीचा तर नाहीच. कुणीतरी कुणाचे तरी मूल आहे, एवढेच ते सांगते.

"हे नाव परदेशी आहे," असे आपल्याला कधी बाहेरचे लोक ऐकवतात, कधी आपलीच तरुण मुले म्हणतात. मग एक गंमत पाहा. फर्नांदो हे नाव पोर्तुगालचेही मूळचे नाही. पाचव्या शतकात व्हिसिगॉथ नावाचे जर्मानिक वंशाचे लोक त्या द्वीपकल्पात शिरले आणि त्यांच्याबरोबर हे नाव तिकडे गेले. त्याचा दुसरा भाग धाडस सांगतो. पहिला भाग 'प्रवास' या अर्थाचा की 'शांती' या अर्थाचा, यावर विद्वानांत दोन मते आहेत. ज्यांना आपण मूळ मालक समजतो, त्यांनाही हे नाव बाहेरून आलेल्यांकडून मिळालेले आहे.

आणखी एक गोष्ट भाविकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पदुआच्या संत अंतोनीवर आपल्या लोकांचा केवढा विश्वास! वस्तू हरवली की आधी त्याची आठवण होते. हा संत सुमारे ११९५ साली लिस्बनमध्ये जन्मला आणि बाप्तिस्म्यात त्याचे नाव फर्नांदो ठेवले होते. १२२० साली तो फ्रान्सिस्कन संघात गेला तेव्हा त्याने अंतोनी हे नाव घेतले. घरचे नाव, घरचा मान आणि ओळख त्याने मागे ठेवली. तेरा जूनला आपण त्याचा सण करतो तेव्हा फर्नांडिस कुटुंबांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. ज्या नावाचा आपण अभिमान बाळगतो, ते नाव त्या संताने ख्रिस्तासाठी सहज खाली ठेवले.

आता हे नाव आपल्या घरात कसे आले ते पाहू. १५१० साली आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा जिंकला. १५४२ साली संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात आले. त्या शतकाच्या मध्यापासून गोव्यात मोठ्या संख्येने बाप्तिस्मे होऊ लागले. त्यात श्रद्धा होती, तशी भीतीही होती, सत्तेचे दडपण होते आणि सवलतींचे आमिषही होते. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले आणि मधली थोडी वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत टिकले. हा इतिहास झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या पूर्वजांपैकी कोण कोणत्या मनाने पाण्यापाशी गेला, हे देवालाच ठाऊक.

बाप्तिस्म्याच्या वेळी नव्या ख्रिस्ती माणसाला पोर्तुगीज आडनाव मिळे. बहुतेकदा ते धर्मपित्याचे असे, कधी बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूचे किंवा एखाद्या अधिकाऱ्याचे. त्या दिवशी धर्मपिता म्हणून फर्नांडिस उभा असेल तर तुम्ही फर्नांडिस. डिसोझा उभा असेल तर तुम्ही डिसोझा. म्हणून एकाच कुळातल्या माणसांना वेगवेगळी आडनावे मिळाली, आणि ज्यांचा एकमेकांशी रक्ताचा काडीचाही संबंध नाही अशा घरांना एकच आडनाव मिळाले. जमीनदाराचे घर फर्नांडिस झाले, ताडीवर चढणाऱ्याचे झाले, आणि मासळी धरणाऱ्याचेही झाले.

पुढे हे नाव फिरत राहिले. करांचा बोजा, दुष्काळ, इन्क्विझिशनचा धाक, लढाया आणि पोटापाण्याची ओढ अशा कारणांनी गोव्यातली कुटुंबे खाली कॅनरा आणि मंगळूरकडे गेली, घाट चढून बेळगाव भागात आली आणि पुढे मुंबईला गेली. मंगळूरात जन्मलेले जॉर्ज फर्नांडिस मुंबईच्या कामगारांचे पुढारी झाले आणि १९६७ साली दक्षिण मुंबईतून निवडून आले, ते याच प्रवासातले एक उदाहरण. थुतूकुडीच्या किनाऱ्यावरचे परवर कोळी सोळाव्या शतकात ख्रिस्ती झाले, त्यांच्यात आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावर 'फर्नांदो' हेच आडनाव म्हणून रुजले. पोर्तुगाल, ब्राझील, अंगोला इथेही फर्नांडिस भेटतात. या सगळ्यांचा पूर्वज एक नाही. त्यांच्या पूर्वजांना कुणीतरी ते नाव दिले, एवढेच काय ते त्यांचे साम्य.

मराठी ख्रिस्ती मंडळींत दुसरीही वाट आहे. आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या घरांत बहुधा जुनीच आडनावे राहिली. बाबा पदमनजी याच बेळगावात १८३१ साली जन्मले आणि १८५४ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी आपले मराठी नाव टाकले नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि ते टिळकच राहिले. गायकवाड, कांबळे, साळवे, शिंदे ही नावे आपल्या भागातल्या चर्चमध्ये रोज ऐकू येतात. यातली कोणती वाट बरी, हा वाद मला घालायचा नाही. दोन्ही वाटांनी आलेल्या लोकांना शेवटी एकच प्रश्न छळतो. काहींची आडनावे ऐकल्याबरोबर लोक मनात हिशेब करतात. फर्नांडिसच्या बाबतीत तोच हिशेब करायला तीन प्रश्न जास्त लागतात, एवढाच फरक.

हा हिशेब किती महागात पडतो, ते धर्मशिक्षक म्हणून मला जवळून दिसते. विवाहाच्या तयारीसाठी येणाऱ्या मुलामुलींशी बोलताना बऱ्याच गोष्टी कानावर येतात. एका जोडप्याचे सांगतो. मुलगा फर्नांडिस, मुलगीही फर्नांडिस. दोघे शिकलेले, कमावते, आणि दोघांच्या घरी रोज संध्याकाळी रोझरी होते. पहिली हरकत निघाली ती अशी की आडनाव एकच आहे, म्हणजे ही बहीणभावंडे. दोन्ही घरांनी चार-चार पिढ्यांची नावे मांडून पाहिली. कुठेच नाते निघाले नाही. मग एका घराच्या वडीलधाऱ्यांनी गाव विचारले, वाडा विचारला, आणि दुसरी हरकत निघाली : ते फर्नांडिस 'आपल्यातले' नाहीत. पहिल्या आठवड्यात दोघे इतके जवळचे होते की लग्न होऊ शकत नव्हते. तिसऱ्या आठवड्यात ते इतके परके झाले की पुन्हा लग्न होऊ शकत नव्हते. ते लग्न झाले नाही. मुलगी आता मिस्साला येते तेव्हा मागच्या बाकावर बसते आणि शेवटचा आशीर्वाद झाला की लगेच निघून जाते. तिला काय सांगायचे, हे आपल्या सगळ्यांपुढचे कोडे आहे. ख्रिस्तात आपण सारे एक, असे तिला याच चर्चमध्ये शिकवले होते.

या दोन हरकतींना चर्चच्या नियमांत किती आधार आहे? रक्ताच्या नात्याची चौकशी चर्च करते, आणि ती योग्यच आहे. १९८३ च्या कॅनन लॉनुसार चुलत, मामे, आते, मावस अशा सख्ख्या भावंडांच्या मुलांपर्यंत नाते असेल तर ते विवाहाच्या आड येते. आडनाव एक असणे ही अडचण त्यात कुठेही नाही. ती आपण सगोत्राच्या जुन्या कल्पनेतून उचलून आणली आणि एका पोर्तुगीज धर्मपित्याच्या नावाला चिकटवली! आणि जात? विवाहापूर्वी धर्मगुरू जो अर्ज भरून घेतात तो एकदा नीट वाचा. बाप्तिस्मा झाला आहे का, आधी विवाह झाला आहे का, स्वखुशीने लग्न करता आहात का, हे त्यात विचारलेले असते. जातीचा रकाना त्यात नाही.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "घराणे बघितले तर बिघडले कुठे? मुलगी द्यायची म्हणजे चार गोष्टी पाहाव्या लागतात." अगदी बरोबर. पाहाव्यातच. त्या घरात प्रार्थना होते का, मुलगा दारू पितो का, कष्टाळू आहे का, आईशी आणि बहिणीशी कसा बोलतो, कर्ज किती आहे, हे सगळे विचारा. हे घराणे पाहणे झाले. चारशे वर्षांपूर्वीच्या वाड्यावरून यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. जिवंत घर समोर असताना मेलेल्या वंशावळीवरून निर्णय घेणे, याला चौकशी म्हणता येणार नाही.

पवित्र शास्त्राला वंशावळी वर्ज्य नाहीत. मत्तयाचे शुभवर्तमान तर वंशावळीनेच सुरू होते. पण त्या वंशावळीत कोण आहेत ते पाहा. तामार आहे, यरीहोची राहाब आहे, मवाबातून आलेली रूथ आहे. आपल्या घराण्याचा इतिहास लिहिताना आपण जी नावे गुपचूप गाळली असती, ती मत्तयाने नावानिशी नोंदवली आहेत. लूकाने वंशावळ उलटी मोजली. एकेका बापाच्या नावावरून मागे जात तो आदामापर्यंत पोहोचतो आणि तिथून देवापर्यंत. अंतहीन वंशावळ्यांच्या नादी लागू नये, अशी सूचना तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सुरुवातीलाच आहे. आणि संत पौल, ज्याला आपले कूळ, आपला वंश सगळे तोंडपाठ होते, तो फिलिप्पैकरांना लिहितो की ख्रिस्तासाठी हे सगळे त्याला केरासमान वाटते.

याहून मोठी गोष्ट संत योसेफाच्या बाबतीत घडली. प्रभू येशूला आपण दावीदाचा पुत्र म्हणतो. तो योसेफाच्या घराण्यातून दावीदाचा पुत्र ठरतो, आणि योसेफ तर त्याचा जन्मदाता नव्हे. मग ते घराणे येशूला मिळाले कसे? योसेफाने देवदूताचे ऐकले, मरियेला घरी आणले आणि बाळाचे नाव ठेवले. नाव ठेवणे म्हणजे त्याला आपला म्हणून घेणे. आपल्या तारणाऱ्याला त्याचे कुळ रक्ताने मिळाले नाही. एका भल्या माणसाने त्याला स्वीकारले आणि त्या स्वीकारातून ते मिळाले. आता बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी उभ्या असलेल्या त्या जुन्या धर्मपित्याकडे बघा. त्याच्या मनात काय होते ते आपल्याला कळणार नाही. पण त्याने केले ते हेच : परक्याच्या मुलाला आपले नाव दिले. फर्नांडिस हे आडनाव त्या स्वीकाराची खूण आहे. कुणीतरी आपल्याला 'आपला' म्हटले म्हणून हे नाव आपल्याकडे आले, आणि आपण त्याच नावाचा उपयोग दुसऱ्याला 'आपल्यातला नाही' म्हणायला करतो. माझे स्पष्ट मत आहे की हा त्या बाप्तिस्म्याचा अपमान आहे.

बाप्तिस्म्याचा विधी आठवा. दाराशी धर्मगुरू आईबापांना विचारतात, बाळाचे नाव काय ठेवले? आईबाप पहिले नाव सांगतात. पाणी ओतताना धर्मगुरू तेच नाव घेतात आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतात. आडनाव तिथे उच्चारले जात नाही. ते नंतर नोंदवहीत लिहितात, कारण नोंदवहीला त्याची गरज असते. देवाला नसते. अंत्युखियात शिष्यांना पहिल्यांदा ख्रिस्ती म्हटले गेले, तेव्हा यहुदी आणि विदेशी एकाच नावाखाली आले. आपले खरे आडनाव तेच.

मग काय करावे? फार मोठे काही नाही. मुले दहा-बारा वर्षांची झाली की त्यांना आपल्या आडनावाचा अर्थ सांगा. फर्नांडिस असो, डिसोझा असो, कांबळे असो. त्यातला दुखरा इतिहासही सांगा. बाळासाठी धर्मपिता आणि धर्ममाता निवडताना मोठे नाव आणि मोठी भेट बघू नका. त्या मुलाची श्रद्धा जपणारा माणूस बघा, कारण चर्च त्यांच्याकडून तेवढेच मागते. स्थळ पाहताना वाडा विचारायचे सोडा. दुसऱ्या कुणी विचारला तर हसून सांगा, "आम्ही आळतारासमोरचे." पॅरिश कौन्सिलसाठी, सणाच्या कमिटीसाठी, भजनमंडळासाठी माणसे निवडताना मनातल्या मनातही तो हिशेब होऊ देऊ नका. आणि मागच्या बाकावर बसणारी एखादी मुलगी तुमच्या चर्चमध्ये असेल, तर येत्या रविवारी तिच्या शेजारी जाऊन बसा.

चला, प्रार्थना करू या.

हे दयाळू पित्या, तू आम्हाला आमच्या नावाने ओळखतोस. आमच्या पूर्वजांना ज्यांनी आपले नाव दिले त्यांचे भले कर, आणि ज्यांच्यावर जबरदस्ती झाली त्यांचे दुःख तुझ्या हृदयात घे. आमच्या जिभेवरचे ते जुने प्रश्न काढून टाक. ज्यांना आम्ही दूर लोटले त्यांना आमच्याकडून क्षमा मागण्याचे धैर्य आम्हाला दे. संत योसेफासारखे दुसऱ्याच्या लेकराला आपले म्हणायला आम्हाला शिकव. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.